प्रवासात न्यायला छोटा आणि स्वस्त लॅपटॉप: काय घ्यावं?

कोलबाडकर
३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

मी विम्याचा सर्व्हेअर. आगीत जळलेलं, पुरात भिजलेलं, ट्रकसकट उलटलेलं असं सगळं बघत फिरायचं आणि किती रुपयांचं गेलं ते लिहून द्यायचं, हा धंदा. राहायला ठाण्यात कोलबाडला, पण काम महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरी या पट्ट्यात जास्त. महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेरच.

सध्याचा लॅपटॉप पंधरा इंची आहे. टेबलावर उत्तम चालतो. पण गेल्या आठवड्यात खांदा धरला म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर ते खांदा सोडून बॅगेकडेच बघत बसले. घरी येताना खालच्या वाण्याच्या काट्यावर लॅपटॉप आणि चार्जर ठेवून बघितला. २ किलो ७४० ग्रॅम. वाणी म्हणाला, "काय भावाने काढताय साहेब?"

काम फार नाही. एक्सेल, वर्ड, आणि एका सर्व्हेचे दीड-दोनशे फोटो उतरवून ठेवणं. दुकानदाराचा जबाब मी मराठीत घेतो आणि त्याच्यासमोरच टाइप करतो, म्हणजे नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" होत नाही. त्यामुळे कीबोर्ड हवाच. बजेट वीस हजार, ताणून बावीस. एक मित्र म्हणतो टॅब घे. मुलगी म्हणते, "बाबा, फोनवरच होईल की." तिला अजून तीनशे ओळींचं स्टॉक स्टेटमेंट कोणी दाखवलेलं नाही.

नवा घ्यावा की वापरलेला? अनुभव असलेल्यांनी सांगा.

तिरकस
३ नोव्हेंबर, रात्री १०:५२

डॉक्टर बदला. वाणी तोच ठेवा.

पाऊलवाट
३ नोव्हेंबर, रात्री ११:१५

काका, माझ्या चुकीवरून शहाणे व्हा. दीड वर्षापूर्वी सेलमध्ये नवा कोरा ११ इंची घेतला, सतरा हजारांत. कंपनीचं नाव घेत नाही, त्या किमतीत सगळ्यांचंच थोड्याफार फरकाने असं असतं. दिसायला एकदम गोंडस, वजन किलोभर. आत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे फाइली साठवायची स्वस्तातली चिप. मला वाटलं, फोटो तर पेनड्राइव्हवरच ठेवतो, ६४ पुरेत.

पुरले नाहीत. ६४ तले हाताला लागतात साठच्याही आत, त्यातला अर्धा भाग विंडोजच अडवून बसतं. मोठं अपडेट आलं की म्हणतं, जागा करा. मी फोटो उडवले, गाणी उडवली, शेवटी ऑफिसही उडवलं. कडी म्हणजे हा ईएमएमसी बोर्डावरच डकवलेला असतो, काढून मोठा टाकता येत नाही. ब्राउझरचे चार टॅब उघडले की पाचव्याला यंत्र विचारात पडतं. आता भाचा त्यावर पाढे म्हणतो.

दुरुस्तीवाला
४ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

पाऊलवाट यांनी नेमकं दुखणं सांगितलं. विंडोज ११ च्या किमान अटीच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा अशा आहेत. किमान म्हणजे सुरू होईल एवढंच. वर काम करायचं तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क) याच्या खाली उतरू नका, मग प्रोसेसर थोडा जुना असला तरी चालेल.

माझं छोटं रिपेरिंगचं दुकान आहे. तुमच्या बजेटमध्ये नव्याचा नाद सोडा असं स्पष्ट सांगतो. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप घाऊक विकतात, त्यातले १२.५ इंची घ्या. थिंकपॅड एक्स २८०, लॅटिट्यूड ७२९० ही त्या पठडीतली यंत्रं. दोन्ही सव्वा किलोच्या आसपास, कीबोर्ड भक्कम, आणि दोन्ही टाइप-सी ने चार्ज होतात. फरक एवढाच की एक्स २८० ची रॅम बोर्डावरच असते, घेतानाच ८ किंवा १६ बघून घ्यायची. ७२९० ला स्लॉट आहे, नंतर वाढवता येते.

एक सावधगिरी. इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरखालचं घेऊ नका. गेल्या महिन्यात, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीवर अधिकृतपणे चढत नाही. म्हणून सध्या एक्स २६०, एक्स २७० असले लॅपटॉप बाजारात मातीमोल भावात येतायत. दुकानदार म्हणेल, "साहेब, घ्या, मस्त चालतं." चालतं खरंच. वाढीव सुरक्षा अपडेट्सही एक वर्ष मिळतील. पुढच्या ऑक्टोबरात मात्र परत माझ्याकडेच याल.

नेरूळची_सई
४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी अनुवादाचं काम करते, नेरूळ-ठाणे रोजचं, मधूनमधून पुणे-नाशिक. कीबोर्डाबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती सांगते.

कोलबाडकर, तुम्ही मराठी इनस्क्रिप्टने (प्रत्येक बटणावर ठरलेलं मराठी अक्षर) टाइप करता की फोनेटिकने (इंग्रजी स्पेलिंगवरून)? इनस्क्रिप्ट असेल तर ११ इंचीच्या वाट्याला जाऊ नका. इंग्रजीत ज्या खुणांना फार काम नसतं, ती उजव्या कडेची बटणं मराठीत दिवसभर लागतात. अर्धविरामाच्या जागी च, त्याच्या शेजारी ट, चौकटी कंसावर ड, तिरक्या रेघेवर य. छोट्या लॅपटॉपवर जागा वाचवायला नेमकी तीच बटणं अर्धी कापतात. मी असा एक लॅपटॉप सहा महिने वापरला. "चटकन" लिहिताना दर वेळी एंटर दाबला जायचा. इंग्रजी लिहिणाऱ्याला तो कीबोर्ड झकास वाटला असता.

दुकानात जाल तेव्हा "चौकटीतल्या चटईवर टोपी" असलं काहीतरी पाच वेळा न बघता टाइप करून पाहा. दुकानदार वेड्यात काढेल, काढू दे.

कोलबाडकर
४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

सई, इनस्क्रिप्टच. पंचवीस वर्षं झाली. हे लक्षातच आलं नव्हतं, आभार.

दुरुस्तीवाले, तुमचं पटतंय. पण वापरलेला म्हटलं की पोटात गोळा येतो. लोकांचा जळका माल तपासून पैसे मिळवतो, स्वतः घेताना फसलो तर तोंड कुठे दाखवू?

घोडबंदरचा_बळी
४ नोव्हेंबर, रात्री ९:४८

क्रोमबुकचा, म्हणजे विंडोजऐवजी गूगलची सिस्टिम असलेल्या लॅपटॉपचा विचार करा. हलकं, बॅटरी दिवसभर, व्हायरसची कटकट नाही. गूगलने २०२३ मध्ये दहा वर्षं अपडेट्स द्यायचं जाहीर केलं. फक्त जुनं घेत असाल तर त्या मॉडेलची अपडेटची अखेरची तारीख आधी शोधा. दहा वर्षं मोजतात ती मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही.

मी घोडबंदर रोडला अडकल्या-अडकल्या अर्धं ऑफिस त्यावर उरकतो. (गाडी ड्रायव्हर चालवतो. चालवतो म्हणजे, उभी ठेवतो.)

कोलबाडकर
४ नोव्हेंबर, रात्री १०:०१

बळी, विमा कंपनीकडून येणाऱ्या एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप हिशेब करणारे छोटे प्रोग्रॅम, असतात. ते तिथे चालणार नाहीत ना? आणि आमच्या पट्ट्यात नेट मिळालं तर मिळालं.

घोडबंदरचा_बळी
४ नोव्हेंबर, रात्री १०:०४

मॅक्रो म्हणता? मग राहू दे.

पेंग्विन
४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सातव्या पिढीचा मातीमोल लॅपटॉप घ्या आणि लिनक्स मिंट टाका. त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतलीत तर ४ जीबीतही पळतं. इनस्क्रिप्टही आहे. विंडोज १० गेल्याचं सुतक आम्हाला नाही.

तिरकस
४ नोव्हेंबर, रात्री १०:३३

लॅपटॉपचा धागा, लिनक्स आलं. माझ्या अंदाजाने दोन प्रतिसाद उशीर झाला.

दुरुस्तीवाला
५ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

पेंग्विन, तुमचं चूक नाही, पण मॅक्रोची अडचण तिथेही आहे. लिनक्सवर एक्सेलऐवजी असलेल्या लिबर ऑफिसात साधे मॅक्रो निभावतात, कंपन्यांचे फॉरमॅट मध्येच रुसतात. माणसाची रोजीरोटी आहे.

कोलबाडकर, वापरलेला घेताना तुमचाच धंदा तुमच्या कामी येईल, तपासणीचा. दुकानात तासभर ठाण मांडून बसा. पहिलं, विंडोज नव्याने टाकायला लावा आणि तुमच्यासमोर इंटरनेटला जोडायला सांगा. सेटअप चालू असताना भलत्याच कंपनीचं नाव झळकलं आणि तिथला ईमेल मागितला तर उठून चालू लागा. त्या यंत्राची नोंद जुन्या मालकाकडून काढलेली नाही, उद्या ते कुलूपबंद होऊ शकतं. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून बघा, पासवर्ड मागतो का. बॅटरीचा रिपोर्ट विंडोज स्वतःच काढून देतं. कमांडच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी', जागा सोडून तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' लिहायचं. त्यात बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या.

बिजागरी हा खरा घोळ. झाकण एका कोपऱ्याने उचलून बघा. कुरकुरलं किंवा खालची कड फाकली तर नको. आणि बरोबर मिळणारा चार्जर हातात घ्या, फारच हलका लागला तर तो नकली. तसाही तो ठेवून द्या, ६५ वॅटचा चांगला गॅन (नव्या प्रकारचा, आकाराने छोटा) चार्जर वेगळा घ्या. मुठीत मावतो आणि फोनही त्यावरच होतो. तुमच्या २ किलो ७४० मध्ये अर्धा किलो तर ती चार्जरची वीट असणार!

जुना_जाणता
५ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

धागा वाचून जुने दिवस आठवले. २००८ मध्ये मी आसूसचा ई-पीसी ७०१ घेतला होता. तुमच्यापैकी काहींनी बघितलाही नसेल. सात इंची स्क्रीन, ८०० बाय ४८०, आत ४ जीबी. चार टीबी नव्हे, ४ जीबी! वजन ९२० ग्रॅम. आत लिनक्स. नेटबुक हा शब्द तेव्हा नुकताच रुळत होता. मी तो शबनममध्ये घालून फिरायचो आणि लोक विचारायचे, हा मुलाचा का? वेबपान बघायला आडवंही सरकवावं लागायचं. तरी त्यावर मी एका दिवाळी अंकाचा लेख पुरा केला, वंदनाच्या एसटी स्टँडवर बसून.

ती लाट आली कुठून, तर निकोलस निग्रोपॉन्टी यांच्या शंभर डॉलरच्या लॅपटॉपच्या कल्पनेतून. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप. तो शंभरात कधीच बसला नाही, पण स्वस्त आणि छोटं यंत्र बनू शकतं हे त्याने बड्या कंपन्यांना दाखवून दिलं. भारतातला त्याचा पहिला प्रयोग आपल्या अगदी जवळ झाला, कर्जतकडच्या खैराट गावच्या प्राथमिक शाळेत, २००७ साली. हिरवे-पांढरे, कान उभारलेले लॅपटॉप होते ते. त्यांचा स्क्रीन भर उन्हात वाचता यायचा. सतरा-अठरा वर्षं झाली, आणि आज वीस हजार टाकूनही उन्हात वाचता येईल असा स्क्रीन मिळत नाही. मला याचं वैषम्य वाटतं.

कोलबाडकर, तुमचं काम उघड्यावर. निदान चकाकणारा स्क्रीन घेऊ नका, मॅट घ्या. नाहीतर एक्सेलऐवजी स्वतःचं तोंड बघत बसाल.

पाऊलवाट
५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५

+१. आणि १३६६ बाय ७६८ वाला नको, फुल एचडीच बघा. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही येतात, दुकानदार आपणहून सांगत नाही.

अवांतर: काका, गाडीत चार्जिंगचं काय करता?

कोलबाडकर
५ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मांडवी एक्स्प्रेसमध्ये सीटजवळ पॉइंट असतो, पण माझ्याआधी तिथे दोन फोन लागलेले असतात. त्यांना "काढा" कसं म्हणणार? लॅपटॉप चालेल अशी पॉवर बँक घेऊ का? विमानातून नेता येते का तीही कोणी सांगा, वर्षातून दोनदा नागपूर होतं.

दुरुस्तीवाला
६ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

२०,००० एमएएचची घ्या. आकडा मोठा वाटतो, पण हिशोब वॉट-अवरचा करायचा. २० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट, ७४ वॉट-अवर. एक्स २८० ची बॅटरी ४८ ची. रूपांतरात काही वाया जातं ते धरलं तरी लॅपटॉप एकदा पुरा भरतो. मात्र पॉवर बँकेवर टाइप-सी पीडी (लॅपटॉपला पुरेल एवढी वीज देणारी चार्जिंगची पद्धत) आणि किमान ४५ वॅट लिहिलेलं हवं. साध्या फोनवाल्या बँकेने लॅपटॉप ढिम्म हलणार नाही.

विमानात १०० वॉट-अवरपर्यंत चालते. हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकायची नाही.

नेरूळची_सई
६ नोव्हेंबर, दुपारी २:००

पावसाळ्यासाठी: बॅगेच्या रेनकव्हरवर भरवसा नको. पाणी पाठीच्या बाजूने उतरतं. मी पाच किलो तांदळाची जाड झिपवाली पिशवी वापरते, १२ इंची तिच्यात बरोब्बर मावतो. आणि लोकलमध्ये लॅपटॉप उघडायचा नाही. तुर्भ्याला जागा मिळाली म्हणून एकदा उघडला होता, कोपरखैरण्याला एका काकूंनी त्यावर डबा ठेवला.

तिरकस
६ नोव्हेंबर, दुपारी २:०७

डब्यात काय होतं?

नेरूळची_सई
६ नोव्हेंबर, दुपारी २:०९

वालाचं बिरडं. दिलं त्यांनी.

कोलबाडकर
२३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मंडळी, घेतला. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. पहिल्या दुकानात बॅटरी रिपोर्टचं नाव काढल्यावर मालकाचा चेहरा उतरला. दुसऱ्यात बिजागरी कुरकुरली. तिसऱ्यात मुलाने न सांगता स्वतःच रिपोर्ट काढून दाखवला, ८१ टक्के. एक्स २८०, १६ जीबी, २५६ एसएसडी, फुल एचडी मॅट. १९,५००, सहा महिने दुकानाची वॉरंटी. चटईवरची टोपी पाच वेळा लिहिली. मुलगा म्हणाला, "काका, कवी आहात का?"

चार्जरसकट वाण्याकडे नेला. १ किलो ४१०. वाणी म्हणाला, "माल निम्माच भरला की."

कोलबाडकर
७ डिसेंबर, रात्री ९:५०

पहिला दौरा झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

मांडवीने गेलो. पनवेल सोडल्यावर उघडला, खेडला उतरेपर्यंत आधीच्या क्लेमचा रिपोर्ट पुरा. खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर तो बसतो आणि शेजारी चहाचा कप राहतो, हे सुख पंधरा इंचीला नव्हतं.

खेडला कापडाचं दुकान, शॉर्ट सर्किटने आग लागलेली. ज्यांनी अशी जागा बघितली नसेल त्यांना सांगतो, जळलेल्या मालापेक्षा भिजलेला माल जास्त असतो, आग विझवतानाचं पाणी. वर छतापासून काजळी लोंबत असते. बसायला जागा नव्हती. एक प्लास्टिकचा क्रेट पालथा घातला, त्यावर दुकानदाराने न जळलेल्या मालातला एक टॉवेल अंथरला, आणि मी उकिडवा बसून जबाब लिहिला. ते सांगत होते, मी टाइप करत होतो, मध्येच ते थांबायचे आणि वर बघायचे. जुन्या लॅपटॉपचं झाकण उघडलं की दोघांच्या मध्ये भिंत उभी राहायची. या वेळी समोरचा माणूस मला दिसत होता. ही गोष्ट मी विकत घेताना हिशेबात धरली नव्हती.

आता तक्रारी. संध्याकाळपर्यंत बटणांच्या फटीत काजळी शिरली. रंगाच्या मऊ ब्रशने काढली, बोटांचे ठसे मात्र अजून आहेत. दारात उन्हात नेला तर मॅट असूनही डोळे बारीक करावे लागले, जुना_जाणता म्हणाले तसंच. परतीच्या गाडीत फोटो क्लाउडवर चढवायचा प्रयत्न केला, तर बोगदा आला की ठप्प. तेव्हा फोटो आधी पेनड्राइव्हवर घ्यायचे, चढवायचं काम लॉजवर.

पण खरी पंचाईत वेगळीच. नमपॅड, म्हणजे उजवीकडचा आकड्यांच्या बटणांचा चौकोन, नाही! दुकानात तीनशे चाळीस ओळींचा माल. साडी, नग, दर, जळालेले, भिजलेले, सॅल्व्हेज (खराब माल विकून मिळणारे पैसे) किती येईल. आयुष्यभर उजव्या हाताने न बघता आकडे मारले, आता वरच्या ओळीत एक-एक आकडा शोधतोय. दुकानदाराचा मुलगा शेजारी उभा राहून आकडे सांगत होता, त्याला तीनदा थांबवावं लागलं. शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही सांगा, मी मारतो." लाज वाटली हो.

दुरुस्तीवाला
७ डिसेंबर, रात्री १०:१०

हे सांगायचं राहिलंच माझ्याकडून. यूएसबीचा सुटा नमपॅड मिळतो, पाचशेच्या आसपास. कॅल्क्युलेटरएवढा असतो.

आणि रुपयाचं चिन्ह शोधत असाल तर भाषेत इंग्लिश-इंडिया कीबोर्ड निवडा. उजवं ऑल्ट आणि ४.

नेरूळची_सई
७ डिसेंबर, रात्री १०:२२

कोलबाडकर, विकत घेऊ नका. माझ्याकडे एक नमपॅड दोन वर्षं कपाटात पडून आहे, मला आकड्यांचं काम नसतं. मंगळवारी संध्याकाळी मी ठाण्यातूनच गाडी धरणार आहे. सहाच्या सुमारास दहा नंबरवर, नेरूळच्या बाजूच्या टोकाला.

कोलबाडकर
७ डिसेंबर, रात्री १०:२५

येतो. वडापाव माझ्याकडून.

तिरकस
७ डिसेंबर, रात्री १०:२६

आमचं काय?

कोलबाडकर
९ डिसेंबर, रात्री ८:०५

नमपॅड मिळाला, चालतो. सई, पुन्हा आभार.

घरी येताना वाण्याच्या दुकानावरून जात होतो. त्याने न विचारताच गिऱ्हाइकाची डाळ उतरवून काटा माझ्यापुढे सरकवला. ८५ ग्रॅम.